आतून ओ येईना

शिवप्पा आत जाऊन पाव तास होऊन गेला, तरी बाहेर येईनात. पुरुषांच्या संडासाच्या दारासमोर उभ्या लक्ष्मम्माला काय करावं ते सुधरेना.

जर्मनीतल्या हमरस्त्यावरचा तो थांबा. भला मोठा, चकाचक, फरशीत तोंड दिसावं असा. मुलगा सोमेश दोघांना दारापर्यंत सोडून गाडी चार्जिंगला लावायला गेला होता. "अप्पा बाहेर आले की इथंच थांब, आई. कुठं हलू नको," असं दोनदा बजावून गेला. बरोबरच होतं त्याचं. अप्पांचं डोकं आताशा ठिकाणावर नसायचं. सकाळी गाडीत बसल्यावर त्यांनी हळूच तिच्या कानाशी लागून विचारलं होतं, "ह्यो ड्रायव्हर कोणाचा म्हणायचा?"

उदगीरच्या स्टँडवर असती, तर तिनं आत निघालेल्या कुणालाही अडवलं असतं, "भाऊ, आमचे मालक हायत आत, जरा बघा बरं." इथं कुणाला सांगणार, कपाळ! तरी एका दाढीवाल्याला तिनं हात केला, दाराकडं बोट दाखवत "मालक, मालक" म्हणाली. माणूस भला. हसला, मोठ्या आदबीनं तिला बायकांचं दार दाखवलं आणि निघून गेला.

दार उघडलं की ती आत डोकवायची. कुणी बाप्या दिसला की पदर सावरून झटकन मागं सरायची.

"अहो!" तिनं हाक मारली.

तिनं दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"अहो, ऐकलं का? सोमेशचे अप्पा!"

आत पाण्याचा आवाज, हात वाळवायच्या यंत्राची घरघर. ओ नाही. मग तिच्याच ध्यानात आलं. ज्यांना सोमेश आठवत नाही, ते सोमेशचे अप्पा म्हणून ओ देणार कसे? आतून दुसरं दार असलं तर? तिकडून निघून रस्त्यावर गेले असले तर?

राहता राहिलं त्यांचं नाव. एवढ्या वर्षांच्या संसारात ते तिनं घेतलं असेल तर उखाण्यात, तेही नणंदांनी वाट अडवली म्हणून. दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारलं, की ती सोमेशला पुढं करायची. पण आता लाज धरून बसली असती तर माणूस हातचा गेला असता.

तिनं दार ढकललं, डोळे गच्च मिटले आणि ओरडली, "शिवप्पा! ए शिवप्पा!"

तीन-चार गोरे बाप्ये हात धुता धुता वळून बघत राहिले.

कोपऱ्यातली कडी वाजली.

"आलो गं, अव्वा!"

अव्वा म्हणायचे ते त्यांच्या आईला. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

शिवप्पा बाहेर आले. पायजमा पुढून भिजलेला, दोन्ही हातांत नाडीची टोकं, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा. "नाडी सुटंना गं, अव्वा. लई वढली मी."

परमुलखात चारचौघांत पायजमा सुटायला नको म्हणून सकाळी निरगाठ तिनंच मारली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावरची शाल काढून तिनं त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली.

"असू दे, बाळा," ती म्हणाली.

दाराबाहेर आल्यावर ते अडूनच बसले. पाऊल पुढं टाकेनात. इकडंतिकडं भिरभिर बघायला लागले.

"आता काय हुडकायलास?"

"अव्वा, ती कुठं गेली गं? लक्ष्मी? इथंच उभी ऱ्हाते म्हणली होती." ते पुन्हा मागं दाराकडं बघू लागले. "लई भित्री हाय ती. मी दिसलो न्हाई तर रडत बसंल."

लक्ष्मम्मानं त्यांचा हात घट्ट धरला. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"न्हाई रडत," ती म्हणाली. "चल. फुडं गेलीय ती, गाडीपाशी. तुझीच वाट बघायलीय."