एका माणसापुरता आडोसा

“किती माणसं बसणार, काका?”

म्हापशाच्या त्या दुकानात मासे पकडायच्या गरीचं सामान विकणारी मुलगी दोन छत्र्या पुढ्यात घेऊन उभी होती. एक लहान, एक मोठी. कृष्णनाथने दोन्हींकडे पाहिलं.

“एकटाच असतो मी,” तो म्हणाला.

ते खोटं होतं. तोंडातून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना.

मुलीने लहान छत्री उघडून दाखवली. दांड्याची कळ दाबली की ती फटकन उघडायची. तीन बाजूंनी जमिनीपर्यंत कापड, समोर गरी टाकायला मोकळी जागा. दोन खुंट्या चिखलात ठोकल्या की काम झालं. मिटली की स्कूटरवर पायांपुढे आडवी मावायची. मोठीला मात्र चार खुंट्या आणि चार दोऱ्या होत्या.

“अंगावर पाऊस आल्यावर हिच्या दोऱ्या सोडवत बसणं एकट्या माणसाला जमायचं नाही,” मुलगी म्हणाली.

कृष्णनाथला तेवढंच ऐकायचं होतं. “मग लहानच दे, बाय.”

गॅरंटीच्या कार्डावर लिहायला तिने नाव विचारलं. त्याने सांगितलं, कृष्णनाथ परब, आगरवाडा. तिने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पोस्टातल्या नोकरीत असल्यापासून कृष्णनाथ दर रविवारी शापोरा नदीच्या बांधावर गरी घेऊन बसायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर घरात तो एकटाच उरला, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बांधावरही वर्षानुवर्षं तो एकटाच असायचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बाबाजीची बायको गंगा वारली, आणि महिन्याभरात बाबाजी एक जुनी गरी घेऊन त्याच्यामागोमाग बांधावर आला. बिचारा एकटा पडलाय, म्हणून कृष्णनाथने नको म्हटलं नाही.

पण बाबाजी बोलायचा. जन्मभर बस चालवलेला माणूस, आवाज मोठा. आणि बोलता बोलता गाडी हॉस्पिटलात यायची. गंगाला कसं नेलं, कुठली खाट मिळाली, कुठल्या दिवशी तिने पेज घेतली, कुठल्या दिवशी घेतली नाही. दर रविवारी पहिल्यापासून. कृष्णनाथ मध्येच म्हणायचा, “बघ, तुझी दोरी हलली.” बाबाजी दोरीकडे बघायचा आणि गप्प व्हायचा. एका माणसापुरती छत्री कृष्णनाथला हवी होती, ती एवढ्यासाठी.

गणपतीची चवथ होऊन आठवडा झाला होता, तरी पाऊस थांबला नव्हता. रविवारी दुपारी कृष्णनाथ बांधावर पोचला तेव्हा बाबाजी आपली काळी छत्री खांद्याला टेकवून आधीच बसला होता. कृष्णनाथने कळ दाबली. क्षणात आडोसा उभा राहिला.

“बरी मिळाली रे,” बाबाजी म्हणाला. त्याने कापड बोटांनी चाचपून पाहिलं. “पाणी आत यायचं नाही.”

कृष्णनाथ आत शिरला. आत एकच स्टूल मावत होतं. बाबाजीने आत डोकावलंही नाही.

थोड्या वेळाने समुद्राकडून वारा आला. मऊ चिखलातली एक खुंटी उपटली आणि कापड फडफडायला लागलं. कृष्णनाथ उठायच्या आत बाबाजी धावला. आपली छत्री टाकून त्याने कापड पकडलं, दगड शोधला आणि खुंटी पुन्हा ठोकली. मग तिच्यावर पाय देऊन उभा राहिला. पाणी त्याच्या टकलावरून कानामागे ओघळत होतं.

“तू बस. वारा पडेपर्यंत मी धरतो.”

कोरड्या स्टुलावर बसलेल्या कृष्णनाथचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं होतं.

“मोठी नव्हती रे दुकानात,” तो म्हणाला.

बाबाजी नदीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “राहू दे, कृष्णनाथ. ती दुकानातली गौरवी माझी भाची.”

कृष्णनाथने मान खाली घातली.

“तुझं नाव ऐकून फोन केला तिने. मामा, कृष्णनाथकाका एकटेच जातात म्हणाले, तू नदीवर जायचं सोडलंस काय?”

“मग?”

“मी म्हटलं, हो गो. गुडघे दुखतात, हल्ली जात नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कृष्णनाथला सोपं गेलं असतं. तो छत्रीतून बाहेर आला आणि पावसात बाबाजीच्या शेजारी उभा राहिला. माफी मागायला तोंड उघडलं. पण विचारलं भलतंच.

“गंगावहिनींचं तू सांगतोस ना, हॉस्पिटलातलं. पुढे काय झालं?”

“तुला ठाऊक आहे सगळं.”

“नाही. मी कधी शेवटपर्यंत ऐकलंच नाही.”

बाबाजीने ओल्या हाताने तोंड पुसलं. मग मोठा आवाज अगदी खाली आणून बोलायला लागला.

“त्या दिवशी असाच पाऊस होता. खिडकीबाहेर बघत म्हणाली, आज रविवार, भावजी नदीवर बसले असतील. घरी येऊन त्या माणसाने बोलावं कोणाशी? तुम्हाला गरीचा कंटाळा, ठाऊक आहे मला. तरी त्यांच्यासोबत जात जा.”