दहा बोटं

"पण मॅडम, ह्याच्यावर पगार किती पडंल?" पालकांच्या बाकावरून नवनाथनं विचारलं आणि हॉलमधल्या सगळ्या मुली दचकून वळल्या. भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या आवाजात, अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्याला तो तरी काय करणार!

नृत्याच्या पदवीसाठी मुली निवडणाऱ्या चारुलता मॅडमनी चष्मा काढला. "खरं सांगू? सुरुवातीला कंपनीतल्या हेल्परएवढाही नाही. पुढे शाळेत नोकरी, स्वतःचे क्लास, कार्यक्रम. माझं घर चाललंय त्याच्यावर. पण हमी देत नाही मी."

"मग झालंच की," नवनाथ म्हणाला.

त्याच्या पिशवीत पॉलिटेक्निकचा फॉर्म भरून तयार होता. डिप्लोमा झाला की पोरीला ट्रेनी म्हणून घेतो, असा कंपनीच्या साहेबांनी शब्द दिला होता. नाचाच्या फॉर्मवर मात्र पालकांच्या सहीची जागा कोरी होती. सकाळी बसमध्ये लेकीनं, स्वरूपानं तो पुढे केला, तेव्हा त्यानं छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली होती. प्रेसच्या दणदणाटात काही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातांनीच बोलतात. फुली म्हणजे मशीन बंद. ही सवय घरापर्यंत आली होती आणि बायको तिला वैतागली होती.

"स्वरूपा, ये. शब्द न वापरता घरातलं एखादं माणूस दाखव."

आधीच्या चौघींनी लाटणं फिरवणारी आई दाखवली होती. स्वरूपानं पत्रा उचलला, सरकवला, हात मागे घेतले आणि दोन्ही तळव्यांनी दोन बटणं दाबली. पाय दणकन आपटला. पुन्हा पत्रा, पुन्हा बटणं. मध्येच लांबच्या कुणाला तरी मनगटावर टिचकी मारून वेळ विचारली. नवनाथला हसू आलं.

मग तिची शिफ्ट सुटली. घरी येऊन ती मोरीत पाठमोरी उभी राहिली. साबण लावता लावता तिनं एकेक बोट मोजलं. दहा. पुन्हा एकदा मोजलं. मग चेहरा हसरा केला आणि वळली.

नवनाथचं हसू गेलं. शेजारच्या प्रेसवर रंगरावची दोन बोटं गेली, तेव्हापासून तो रोज हेच करत होता. घरात कुणाला त्याचा पत्ता नाही, अशी त्याची खात्री होती.

मॅडमनी फॉर्म उचलला. "तुला घेतली. पण इथं सही नाहीये."

स्वरूपानं हॉलच्या टोकाला बाकाकडे बघितलं. नवनाथ उठून उभा राहिला. त्यानं हात डोक्यावर उंच नेला आणि एक बोट हवेत गोल फिरवलं.

"काय म्हणतायत ते?"

"मशीन चालू कर म्हणतायत," स्वरूपा म्हणाली आणि मॅडमच्या टेबलावरचं पेन उचलून धावत सुटली.