मी सांगते ना

“अक्षदा गप्प नसते, ती ऐकत असते. तिच्याआधी तुम्ही उत्तर देऊ नका.”

कळव्याच्या शाळेतल्या रचनाबाईंनी जूनमध्येच दर्शनाला बजावलेलं. बाईंनी पोरीला नाव विचारलेलं आणि दर्शनाने चटकन सांगून टाकलेलं, “अक्षदा. लाजते जरा.” बाईंचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं. एम.कॉम. झालेल्या आईला पोर कशी वाढवायची ते हिने शिकवायचं?

आज शाळेत नाट्यछटा स्पर्धेसाठी निवड होती. हॉलचं दार बंद, बाहेर आया ताटकळलेल्या. अक्षदाला घरी न्यायला आलेली दर्शनाही त्यांच्यात थांबलेली. आतून एका पोरीचा आवाज आला. ठसक्यात, मोठ्या बाईसारखा काढलेला.

“डॉक्टर, तिला काय विचारताय? पोट नाही दुखत तिचं, शाळेचा कंटाळा आलाय. मी सांगते ना.”

आत हशा पिकला. बाहेरच्या आयाही हसल्या. दर्शनालाही हसू फुटलं आणि लगेच आत काहीतरी जळलं. ही शिवानीच. शेजारच्या मधूची लेक. गेल्या वर्षीही बक्षीस हिनेच नेलेलं. मधूने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेले. दर्शनाच्या घशाखाली तो पेढा उतरला नव्हता. एकेकीचं नशीब. आपली मात्र पाहुणे आले की ओढणीआड लपणार.

“नाव विचारताय तिचं? अहो, ती कुठली सांगतेय. मी सांगते ना.”

पुन्हा हशा, वर टाळ्या. दर्शनाला राहवेना. दाराशी उभ्या मधूला ती म्हणाली,

“बरंय बाई तुझं, मधू. यंदाही शिवानीच. घरी तूच बसवून घेतेस वाटतं?”

मधू बाजूला सरकली. मागे पायरीवर बसून शिवानी वेफर्स खात होती.

“तिचा नंबर कुठे आलाय अजून,” मधू म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. मधोमध अक्षदा उभी होती, एक हात कमरेवर. खांद्यावर दर्शनाची पिवळी ओढणी, सकाळपासून कपाटात सापडत नव्हती ती. पोरीचा चेहरा लालबुंद झालेला, आणि ती हसत होती. असं हसताना दर्शनाने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

रचनाबाईंनी विचारलं, “काय गं, हे शिकवलं कुणी तुला?”

दर्शनाने तोंड उघडलं. मग मिटलं.

तुमच्या घरातलं गप्प पोर आत्ता काय करतंय, जरा जाऊन बघा. आणि काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत थांबा.