तोच दाब

"आता दुखलं," बोक्ही म्हणाली, तसा डॉक्टर यांगबाईंनी हात मागे घेतला. त्यांच्या हातात टोकाला रबराचं बूच असलेलं छोटं यंत्र होतं. ते अंगावर टेकवून हळूहळू दाबायचं, दुखलं की थांबायचं. किती दाब सोसला ते काटा दाखवायचा.

"खांद्याला तीन किलो. धडधाकट माणूस याच्या दुप्पट सोसतो. फायब्रोमायल्जियाच आहे, बोक्हीबाई, अंगभर दुखण्याचा आजार. दुखणं खरं आहे तुमचं."

बोक्हीने मान डोलावली. तिला ते ठाऊकच होतं. पटायला हवं होतं ते थेशिकदादाला. त्यासाठीच तिने त्याला सोलहून मोक्पोला बोलावून घेतलं होतं.

गाडी लावून थेशिक आत आला आणि कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसला.

"डॉक्टर, स्पष्टच विचारतो. हिचा एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. मग दुखतं काय? चार वर्षं अंथरुणावरच्या बाबांचं सगळं हीच करते. अंगात जोर नसता तर जमलं असतं? आता म्हणते, तीन महिने त्यांना तू ने. आम्ही दोघंही नोकरीला, घर तेराव्या मजल्यावर."

"दादा, मला आता उचलवत नाहीत ते. परवा कूस बदलताना हातातून सुटले. पडता पडता वाचले."

"लहानपणापासून तू अशीच. परीक्षा आली की तुझं पोट दुखायचं."

 बोक्हीचे खांदे नकळत कानांपर्यंत चढले होते. डॉक्टरांच्या ते नजरेस आलं.

"एक मिनिट," म्हणत त्यांनी यंत्र पुन्हा त्याच जागी टेकवलं. दाब द्यायला जेमतेम सुरुवात केली होती.

"आई गं," बोक्ही कळवळली.

दुसरा खांदा. तिथेही तेच.

डॉक्टरांनी काटा थेशिकसमोर धरला. "तुम्ही यायच्या आधी तीन होता. आता दीड. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. जागा तीच, मी तसंच दाबतेय. या आजारात मनावर ताण आला की अर्ध्या दाबानेही तेवढंच दुखतं. आणि हे सोंग नाही, यांना काटा दिसतच नव्हता."

 थेशिक बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. बोक्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पटलं, तिला वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा दादाला पटलं.

"म्हणजे माझ्यामुळे दुखतं हिला," तो हळू आवाजात म्हणाला.

"तुमच्यामुळे असं नाही. यांच्यावरचा भार थोडा हलका झाला तर..."

"नाही, आकडाच सांगतोय की. मी नव्हतो तेव्हा तीन, मी आलो तर दीड." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "मग मी कशाला उगाच येऊन हिला त्रास देऊ? बाबांना सोलला न्यायचं म्हणजे रोज माझ्याशी फोनवर बोलाचाली. त्यापेक्षा आहेत तिथेच राहू देत. फोनसुद्धा हिची वहिनी करेल."

डॉक्टर पुढे काही सांगत होत्या. तोवर थेशिक उठला होता. त्याने कमरेत वाकून त्यांचे आभार मानले, मनापासून.

बाहेर, लिफ्टपाशी, त्याने बोक्हीच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. असं त्याने कधी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तू टॅक्सीने जा. मी इथूनच निघतो, अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं." बोलता बोलता त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. कोपरापर्यंत कळ गेली. "आता दुखतंय?"

हो म्हणावं की नाही, बोक्हीला ठरवता येईना. लिफ्ट आली. दार उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

"बघ," थेशिक आत शिरत हसला, "मी निघतो म्हटल्यावर लगेच कमी झालं."