ईशान्येची चारी

सारजाबाई खराट्याने नानासाहेबांच्या नव्या घरासमोरची बाग झाडत होती.

बाग म्हणजे अजून नुसती काळी माती. रोपं यायची होती. त्याआधी मातीला जोर यावा म्हणून नानासाहेबांनी शेजारच्या सारजाबाईच्या मेंढ्या तिथे रात्रीच्या बसवल्या होत्या. बदल्यात ज्वारीचं पोतं. करमाडकडे तसंच चालतं. आता त्याच मेंढ्यांची लेंडी सारजाबाई घमेल्यात भरत होती आणि कुंपणभिंतीजवळ नेऊन सांडपाण्यासाठी खणलेल्या नव्या चारीत ओतत होती. चारीचं तोंड भिंतीला पाडलेल्या भोकातून पलीकडे उघडत होतं. पलीकडे तिचं पत्र्याचं घर आणि मेंढ्यांचा वाडा.

"सारजा, काय लावलंय हे?" नानासाहेब पोर्चमधून ओरडले. "खत आमचं आहे. ज्वारी घेतलीस ना?"

"पोतं तुमच्या गाडीमागं ठिवलंय. शिवण बी उसवली नाय." तिने वर पाहिलं नाही. "मही लेंडी तुमच्या गुलाबाला, अन् तुमच्या न्हाणीचं पाणी मह्या कोकरायच्या पायात. लई चांगला वेव्हार हाय, नानासाहेब."

"थोडंसं पाणी येईल. त्यात काय एवढं?"

"वल्ल्यात खूर सडत्यात मेंढ्यायचे. मग मेंढी उभी ऱ्हात नाय. तुमच्या पोर्चमंदी आणून बांधू का?"

दीपमाला वाळूच्या ढिगापाशी उभी होती. नानासाहेबांची सून, चिकलठाण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी अजून तिच्या हातात होती. जमिनीचा उतार दक्षिणेला, रस्त्याकडेच्या गटाराकडे. पाइप तिकडेच काढायचा, हे तिने पाया खोदतानाच सांगितलं होतं. वास्तुवाल्याने सांगितलं, पाणी ईशान्येला गेलं पाहिजे. नानासाहेबांनी दक्षिणेच्या बाजूला हायवा ट्रक भरभरून मुरूम ओतला आणि जमीन उलटी फिरवली; सारजाबाईचा वाडा आता खालच्या अंगाला आला. भरावात पोर्चच्या पायऱ्या गेल्या. एकच उरली.

"नाना, अख्ख्या चारीला उतार चार बोटांचा आहे," ती म्हणाली. "तोंड बुजलं तर पाणी घराकडे येईल."

"पाणी कुठं जावं याचंही शास्त्र असतं."

"तेच सांगतेय."

तिचा आवाज खाली आला होता. तो असा खाली आला की तिचा नवरा शिवराज खोलीबाहेर जायचा. आत्ताही तो मोबाइल कानाला लावून फाटकाकडे निघाला.

"काय गं, कुणाच्या बाजूनं आहेस तू?" नानासाहेब म्हणाले.

"उताराच्या."

सारजाबाई खुदकन हसली. त्या हसण्यानेच नानासाहेबांचा चेहरा लाल झाला.

"गच्चीवरची टाकी चारीत सोड," ते म्हणाले. "त्या घाणीसकट सगळं जाऊ दे तिच्या वाड्यात. मग कळेल."

"नाना, तिथं कोकरं आहेत."

"सोड म्हणतो ना!"

"सगळी टाकी?"

"सगळी!"

दीपमालाने नळी गुंडाळून विटांवर ठेवली. सारजाबाईकडे पाहिलं. सारजाबाईने शेवटचं घमेलं चारीत उपडं केलं, वर दोन धोंडे टाकले, पायाने दाबले आणि खराटा घेऊन बाजूला झाली. दीपमाला घराच्या कोपऱ्याशी गेली आणि वॉल्व्ह पूर्ण उघडला.

पाणी जोरात निघालं. चारीतून धावत भिंतीपर्यंत गेलं, लेंडीच्या बांधाला धडकलं आणि थांबलं. पलीकडे एक थेंब गेला नाही. पाणी जागच्या जागी फुगलं, काळं झालं, मग सावकाश मागे सरकू लागलं. चारी भरली. पाणी काठाबाहेर पडलं.

"बंद कर!" नानासाहेब ओरडले. "दीपमाला, बंद कर ते!"

दीपमालाचा हात वॉल्व्हवरच होता. हात हलला नाही.

"तुम्ही सगळी म्हणालात, नाना."

नानासाहेब धोतराचा सोगा उचलून मागे सरले. पोर्चच्या उरलेल्या पायरीवर वास्तुशांतीच्या दिवशी चिकटवलेली लक्ष्मीची पावलं होती, बोटं घराकडे केलेली. लेंड्या घेऊन पाणी पायरीवर चढलं आणि त्याच पावलांवरून आत निघालं.