विसरोबाचं कुलूप

मेन स्विचवरची पाच कुलपं निघाली. सहावं लटकतच राहिलं आणि ज्याचं होतं तो सकाळपाळीचा विसरोबा काही दिसेना.

स्विच पैलवानाचा होता. पैलवान म्हणजे पिंजऱ्यातला रोबो. साबणाची खोकी उचलायची आणि एकावर एक रचायची, एवढंच त्याचं काम. दमायचा नाही, आणि मधे कोण आलं तेही बघायचा नाही. म्हणून साफसफाईला आत शिरणाऱ्यानं स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचं, अशी रीत होती. एक कुलूप जरी राहिलं तरी स्विच वर जात नसे.

"हा माणूस एक दिवस डोकं घरी विसरून येणार," साहेब म्हणाले.

दोघं-तिघं हसले. विसरोबा मागेही एकदा कुलूप तसंच ठेवून घरी गेला होता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दुपारच्या पाळीच्या प्रमुख, पैलवान सुरू व्हायचा तो त्यांच्या सहीनं. त्यांनी जाळीतून चारही कोपरे पाहिले, हाका मारल्या. शेजारचा पट्टा खडखडत होता. त्यांनी विसरोबाला फोन लावला, तर तो त्याच्याच कपाटात वाजला.

"घ्या. फोनही विसरला." साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कारखान्याच्या दाराजवळच्या हजेरीच्या यंत्रावर विसरोबाचं कार्ड तीन वाजून चार मिनिटांनी बाहेर पडलं होतं. त्याखाली पिंजऱ्यावरच्या नव्या कॅमेऱ्याचा आकडा होता. आत माणसं: शून्य. "दोन-दोन यंत्रं सांगतायत, बाई. ट्रक अर्धा तास उभा आहे. कटर आणा रे."

"माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुलूप कापायचं नाही. नियम आहे."

"कॅमेरा नव्हता तेव्हाचा नियम आहे तो."

बाईंनी विसरोबाच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "नाही हो, अजून आले नाहीत. माझा भाऊ दुपारपाळीला आहे ना तिथं? त्याला विचारा, त्याला ठाऊक असेल."

सगळ्यांनी भावाकडे, म्हणजे विसरोबाच्या मेहुण्याकडे पाहिलं.

"गेले असतील," तो म्हणाला. "वाटेत थांबले असतील कुठंतरी."

त्याच्या खिशात दोन कार्डं होती. एक त्याचं, एक दाजींचं. पाळी संपून पाच मिनिटांच्या वर आत राहिलं की यंत्र नावापुढे लाल खूण करायचं. कामाला उशीर. तीन खुणा झाल्या की घरी. म्हणून लोक कार्ड वेळेवर दुसऱ्याकडून दाखवून घ्यायचे आणि राहिलेलं काम मागे थांबून उरकायचे. यंत्र खूश, साहेब खूश. सगळ्या खात्याला हे ठाऊक होतं, बाईंनाही होतं, आणि त्यांनी आजवर डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. पण दुसऱ्याचं कार्ड दाखवताना जो सापडेल त्याला त्याच दिवशी काढत. गेल्या महिन्यात दोघं गेले होते.

तीन वाजता दाजी त्याला म्हणाले होते, "माझं कार्ड तेवढं दाखव. खालच्या साखळीला गोंद चिकटलाय, खरवडून आलोच दहा मिनिटांत."

आले असतील. मागच्या दारानं गेले असतील. कार्ड मागायचंही विसरले असतील. विसरोबाच ते. मेहुणा मनाशी हे घोकत होता.

कटर आला. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "ते कार्ड विसरोबानंच दाखवलं ना?"

विचारायला आपल्याला एवढा वेळ का लागला, याची बाईंना स्वतःलाच लाज वाटली.

साहेबांनी स्वतः कटर घेतला आणि त्याचं तोंड कुलपाला लावलं. तेवढ्यात मेहुणा पुढे झाला. त्यानं खिशातून आपलं कुलूप काढलं आणि सहाव्याच्या शेजारी स्विचला घातलं. खट्ट आवाज झाला. मग त्यानं किल्ली बाईंच्या हातात दिली आणि दाजींचं कार्ड साहेबांच्या.

"कार्ड मी दाखवलं," तो म्हणाला. "दाजी खाली खड्ड्यात उतरले होते. साखळीपाशी."

खड्डा पैलवानाच्या पायाशीच होता, आणि त्याचं झाकण माणूस उतरला की वरून आपोआप मिटत असे. खोकी रचायला लागण्याआधी पैलवान पहिल्यांदा हलवायचा ती खालची साखळी.

बाईंनी आपलं कुलूप घातलं. आणखी दोघांनी घातलं. पिंजऱ्याचं दार उघडून चौघं आत धावले.

साहेब स्क्रीनसमोर उभे होते. आत माणसं: चार. मेहुण्यानं झाकण उचललं आणि तो खाली उतरला. तीन. त्याच्यामागून एक जण. दोन. मग दुसरा. एक. बाई पदर खोचून उतरल्या आणि झाकण मिटलं.

आत माणसं: शून्य. खाली हिरवा चौकोन लुकलुकत होता. सुरू करायचं?

झाकणाखालून मेहुण्याचा आवाज आला, रडवेला. "आहेत! गुदमरून पडलेत, पण श्वास चालू आहे!"

साहेबांकडे कुलूप नव्हतं. त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. त्यांनी कटर खाली ठेवला आणि विसरोबाचं कार्ड मुठीत धरून ते मेन स्विचला पाठ लावून उभे राहिले.