हात लावलेला वजीर

घैसासकाकांनी वजीर जरासा उचलला आणि चटका बसल्यासारखा परत ठेवून दिला. माझा कोपऱ्यातला उंट त्यांना आत्ता दिसला होता.

मंगल कार्यालयातल्या टेबलांमधून फिरणारे पंच आमच्यापाशी थांबले. "काका, वजिराला हात लावलात. आता वजीरच खेळावा लागेल."

वजीर तिथून हलला की काकांवर मात होती. तेरा वर्षं स्पर्धा खेळून पहिल्यांदाच माझं नाव बक्षिसाच्या यादीत येणार होतं. पण क्लबात मला घोडा चालवायला याच माणसानं शिकवलं होतं, आणि या वर्षी कंपवाताच्या गोळ्या खिशात घेऊन तो खेळायला आला होता.

"चुकून लागला असेल हो," मी पंचांना म्हणालो. "हात थरथरतो त्यांचा."

पंच विरघळले. "मग ठीक आहे. दुसरी चाल करा, काका."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग मांडीवर दाबून धरलेला डावा हात त्यांनी टेबलावर ठेवला. मारलेली प्यादी खुळखुळायला लागली.

"थरथरतो तो हा," ते म्हणाले. "वजीर मी उजव्यानं उचलला होता."

त्याच उजव्या हातानं त्यांनी वजीर सरकवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. मी मात दिली. वर बघायचं धाडस होईना.

"बक्षीस घ्यायला जाशील तेव्हा टाळ्या वाजवीन," माझ्या चाली लिहिलेल्या कागदावर सही करत काका म्हणाले. "त्याला डावाही चालतो."